वाढत्या अंगाची कुंडी

छोटी चव्वेचाळीस वर्षांची आहे. कानशिलावरचे केस पांढरे झालेत, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, दुकानात नवीन लागलेले लोक तिला मॅडम म्हणतात. पण इमारतीच्या जिन्यात पाऊल टाकलं की ती छोटी. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून आईची हाक येते आणि सगळ्या इमारतीला कळतं, की छोटी कामावरून आली.

"छोटी, आलीस?"

"आले."

"उशीर झाला आज."

"चार मिनिटं, आई."

"दमलीस?"

"नाही गं."

"आवाज दमलेला येतोय. हळू चढ."

तीन मजले चढून होईस्तोवर तिची उलटतपासणी आटोपलेली असते. घरात शिरल्यावर बोलायला काही उरलेलं नसतं, तरी दोघी बोलत राहतात.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दोन खाटा, कोपऱ्यात डोकं डोक्याला लागेल अशा काटकोनात लावलेल्या. एकीनं कूस बदलली की दुसरी विचारते, "झोप नाही का येत?" आतलं स्वयंपाकघर इतकं अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. नुसती भिंत, तिच्यावर एक पाइप आणि पाइपावर कधीतरी एक कबुतर. न्हाणीघराच्या दाराची कडी मोडून सात वर्षं झाली. छोटीनं दोनदा सुताराला बोलावलं आणि दोनदा आईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. "आपण दोघीच तर असतो. कडी लावायची कुणापासून?"



खरं तर आईनं छोटीला आयुष्यात कशालाच 'नको' म्हटलं नाही. तिथेच तर सगळी गोची होती. बाबा गेले तेव्हा छोटी एकोणीस वर्षांची होती. दादाला बाहेरगावी पुढे शिकायचं होतं, तो गेला, आणि छोटी सहा महिन्यांसाठी म्हणून चष्म्याच्या दुकानात लागली. त्या सहा महिन्यांना आता पंचविसावं वर्ष चालू आहे. मध्ये एकदा लग्नाचंही जमत आलं होतं. मुलगा बरा होता, हसताना डोळे मिटायचा. आई म्हणाली, "तुला आवडला ना? मग झालं तर! माझं काय, मी राहीन." हे 'मी राहीन' आईनं इतक्या समजूतदारपणे म्हटलं, की छोटीनं होकार पुढे ढकलला. तिनं आणखी थोडा वेळ मागितला. मुलानं दिला. मग आणखी थोडा मागितला. मग तो दुसऱ्या कुणासमोर डोळे मिटून हसायला लागला.

दुकानात तिचं काम मागच्या खोलीत. पुढे आरसे, दिवे, फ्रेमांच्या रांगा आणि गोड बोलणारी माणसं. मागे एक टेबल, काच घासायचं यंत्र आणि छोटी. डॉक्टरांनी लिहिलेला नंबर, निवडलेली फ्रेम आणि दोन गोल काचा एका लिफाफ्यातून तिच्याकडे येतात. काचेची कड फ्रेमच्या आकारात घासायची आणि बसवायची. केसभर मोठी राहिली तर बसवताना तडकते. केसभर लहान झाली तर खुडखुडत राहते आणि एक दिवस माणसाच्या चहात पडते. छोटीच्या हातची काच आजवर कुणाच्या चहात पडलेली नाही. मालक हे गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात.

ह्याच मालकांनी गेल्या महिन्यात तिला बोलावून सांगितलं, "ताई, आपण दुसऱ्या शहरात मोठी कार्यशाळा काढतोय. सगळ्या शाखांच्या काचा तिथे बसणार. प्रमुख म्हणून तुम्ही या. वर राहायला खोलीही आहे. आठ तासांचा प्रवास आहे, येऊन-जाऊन जमणार नाही, तिथेच राहावं लागेल." आणि त्यांनी तिच्या मोबाइलवर खोलीचा फोटो पाठवला.

तो फोटो छोटीनं दुकानाच्या स्वच्छतागृहात आतून कडी लावून किती वेळा पाहिला असेल, त्याला गणती नाही. एक खाट. एक टेबल. एक खिडकी, तिच्याबाहेर काहीतरी हिरवं. पण ती खिडकी बघायची नाही. दोन बोटांनी फोटो मोठा करत करत ती दारापाशी जायची. दाराला आतून पितळेची कडी होती, चांगली वीतभर लांब.

तिला पद नको होतं, मान नको होता. तिला त्या कडीच्या आत एकटीनं बसायचं होतं. पलीकडून कुणी "काय करतेस गं?" न विचारता.

"रविवारी दुपारी बारापर्यंत सांगा," मालक म्हणाले होते. "मी स्वतः फोन करीन. तुम्हाला नाही जमलं तर दुसऱ्या शाखेतला फिटर तयार आहे."

छोटीनं तयारी केली. काच घासायचं यंत्र चालू असताना मागच्या खोलीत काय बोललं तरी पुढे ऐकू जात नाही. तिथे ती पंधरा दिवस आईशी बोलली. आईचे प्रश्नही तीच विचारायची, आईच्या आवाजात. वापरून झालेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर ती सगळं लिहून काढायची. "माझ्या बीपीचं काय?" समोरच्या काकूंकडे यंत्र आहे, त्या रोज बघतील. "गॅस बदलायचा कुणी?" आणणारा माणूस लावून देईल. "रात्री छातीत धडधडलं तर?" काकूंकडे चावी. "मी राहीन." ह्या एका लिफाफ्यावर तिनं चार दिवस घालवले आणि शेवटी लिहिलं, 'हो आई. तू राहशील.' असे चौदा लिफाफे झाले.

आणि रविवार उजाडला तेव्हा आईनं जाहीर केलं, "आज ह्याची कुंडी बदलायची."

'हे' म्हणजे सक्युलंट, पानांत पाणी साठवणारं झाड. दोन वर्षांपूर्वी मालकांनी दुकानातल्या सगळ्यांना एकेक दिलं होतं. चहाच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या कुंडीत, गुबगुबीत पानांचं, हिरव्या दगडातून कुणी फूल कोरावं तसं. आईनं त्याला नाव ठेवलं नाही, पण हे जेवलं का, हे रुसलंय, ह्याला आज ऊन लागलं नाही, असं दिवसभर चालायचं. अलीकडे त्याची खालची पानं पिवळट, पाणीदार झाली होती. बोट लावलं की गळून हातात यायची.

छोटीला वाटलं, बरंच झालं. हात मातीत असताना माणसाला नजर खाली ठेवता येते. साडेदहा वाजता तिनं स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, दुकानातून आणलेली हत्यारं मांडली आणि मांडी घालून बसली. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. तिनं स्टूल आणलं आणि ते ठेवायला जागा एकच होती, दारात. आई स्टूलवर बसली की ते दार लावल्यासारखंच. आता काम संपेपर्यंत छोटीला बाहेर पडायचं तर आईला उठवावं लागणार होतं.

"अंग धरलंय त्यानं," आई वरून म्हणाली. "कुंडी आखूड होतेय. दादाच्या शाळेच्या विजारी व्हायच्या तशी."

"अंग नाही धरलं आई, सडतंय ते. पाणी जास्त होतंय."

"सडायला काय झालं? वेळच्या वेळी देते मी."

"वेळच्या वेळी म्हणजे?"

आईनं बोटांवर मोजलं. "थायरॉइडची उठल्या उठल्या. बीपीची खाल्ल्यावर. कॅल्शियमची बाराला. आणि झोपताना ती पांढरी. चार गोळ्या. प्रत्येक गोळीला मी दोन घोट पिते आणि बाटलीचं एक झाकण ह्याला घालते."

"गोळीबरोबर?"

"मग! मी घटाघटा प्यायचं आणि त्यानं बघत बसायचं, बरं दिसतं का ते?"

"रोज चार झाकणं!"

"मोजून. एक थेंब इकडचा तिकडे नाही."

छोटीनं हातातला चिमटा खाली ठेवला. "आई, मीही घालते गं. रोज सकाळी निघताना. अर्धी वाटी."

"तू कशाला?"

"मला वाटलं, तू विसरत असशील."

"मी? मी विसरते?" आई स्टूलवर ताठ झाली. "तुझी डब्याची पिशवी रोज कोण आठवणीनं हातात देतं?"

"म्हणजे दोन वर्षं आपण दोघी ह्याला पाजतोय."

"आणि तरी जगलं बघ," आई कौतुकानं म्हणाली. "किती गुणी आहे."

कुंडी काही केल्या सुटेना. छोटीनं चहूबाजूंनी दाबली, उलटी धरून ठोकली, शेवटी कात्रीनं प्लास्टिक उभं चिरलं. मातीचा गोळा जसाच्या तसा बाहेर आला, कुंडीच्या आकाराचा. मुळं आत गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती आणि मातीला कुबट वास होता. छोटीनं डोळ्याला भिंग लावलं, फ्रेमचे स्क्रू बघायला लावते ते, आणि काचा पुसायच्या मऊ ब्रशनं माती झटकायला लागली. जिवंत मूळ पांढरं, मेलेलं काळं. काळी तिनं एकेक करून छाटली.

"हळू. लागेल त्याला."

"नाही लागत."

"तुला काय माहीत? तू झाड आहेस?"

"आई, मला एक बोलायचं होतं."

"बोल की. आधी ते पान उचल, पाय पडेल."

छोटीनं पान उचललं. "मालक म्हणत होते..."

"अगं, पण त्या एवढ्याशा भांड्यात लावणार आहेस तू?" आईची नजर छोटीनं आणलेल्या चिनी मातीच्या वाडग्यावर गेली होती. "तो घे ना मोठा, दादानं पाठवलेला. वाढत्या अंगाचं घ्यावं."

आईनं सगळं वाढत्या अंगाचं घेतलं होतं. दहावीपर्यंत छोटीला बाहीतून हात शोधून काढावा लागायचा. पुढे अंग वाढायचं थांबलं तरी आई चपला एक नंबर मोठ्या आणायची.

"मोठ्यात ओल राहते. बोटभर मोठं पुरतं," छोटी म्हणाली. वाडग्याच्या बुडाला भोक नव्हतं. तिनं दुकानातलं छोटं ड्रिल काढलं, बिनकडांच्या चष्म्यांच्या काचांना भोक पाडायचं, हिऱ्याची कणी लावलेल्या टोकाचं. एका हातानं थेंब थेंब पाणी सोडत दुसऱ्या हातानं ती टोक टेकवून राहिली. जोर द्यायचा नाही. जोर दिला की तडा. टोक आपलं आपण उतरेपर्यंत धीर धरायचा, बस्स. किर्र आवाजात आई काहीतरी बोलत होती आणि पंधरा दिवसांची सवय म्हणून की काय, छोटीच्याही तोंडातून त्या आवाजात पहिलं वाक्य निघून गेलं. पांढरा चुरा वाहिला, भोक पडलं, ड्रिल थांबलं.

"काय म्हणालीस?" आईनं विचारलं.

आता मागे फिरायला जागा नव्हती. घड्याळात अकरा चाळीस झाले होते. छोटीनं नजर मुळांवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. दुसरं शहर, मोठी कार्यशाळा, वरची खोली, एक तारखेपासून. बारा वाजता मालकांचा फोन. ती बोलत होती आणि मनातल्या मनात लिफाफे चाळत होती. बीपी, गॅस, धडधड, मी राहीन. या आता. कुठलाही प्रश्न येऊ दे.

आईनं गुडघ्यावरचा पदर सारखा केला.

"खोलीला खिडकी आहे?"

हा प्रश्न एकाही लिफाफ्यावर नव्हता. "आहे की. मोठी आहे."

"समोर काय?"

"झाडं असावीत. हिरवं दिसतं काहीतरी."

"जिने किती?"

"एकच मजला. दहा पायऱ्या असतील."

"पाणी?"

"चोवीस तास आहे म्हणे." छोटीला हायसं वाटायला लागलं होतं. आई विचारपूस करत होती. लेक कुठे चाललीय, कशी राहणार, आईच्या काळजीनं विचारत होती. तिनं उत्साहानं भर घातली, "हवाही चांगली आहे तिथली. फार उकाडा नाही."

"वा! मग त्या मोठ्या ट्रंकेचं लोढणं नको," आई म्हणाली. "दोन बॅगांत मावेल आपलं."

"आपलं?"

"भांडी काकूंकडे ठेवू. ती नाही म्हणायची नाही. अगं, इथे तरी काय ठेवलंय? ह्या भिंतीकडे बघून बघून डोळे विटले माझे. किती वर्षांत कुठे गेलो नाही आपण! मला तर वाटायचं, आता इथून थेट चौघांच्या खांद्यावरच." आईचा चेहरा असा काही उजळला होता, की क्षणभर ती तिशीतली दिसली. "दहा पायऱ्या म्हणजे काहीच नाही. मी खाली-वर करीन. तुला दुपारचं गरम जेवण वर मिळेल. डबाच नको!"

छोटीचे हात थांबले. चौदा लिफाफ्यांवर 'जाऊ नकोस'ची चौदा रूपं होती. 'चल' एकावरही नव्हतं.

"खोली लहान आहे गं आई."

"ही कुठे राजवाडा आहे?"

"एकच खाट आहे."

"लावून देतील दुसरी. नाहीतर मी खाली झोपेन."

"खाली? गुडघे?"

"तेही आहेच. मग तू झोप खाली."

"काकूंशिवाय करमेल का तुला?"

"तिला किती बघायचं? पाठ झालीय ती मला."

"डॉक्टर इथले..."

"डॉक्टर काय फक्त इथेच पिकतात?" आई हसली. "तू एवढी का भेदरलीस? अगं, मी आहे ना बरोबर. तुला एकटीला थोडीच पाठवणार आहे?"

जी जी फट छोटी शोधत होती, ती ती तिनंच दहा मिनिटांपूर्वी आपल्या तोंडानं बुजवून टाकली होती. खिडकी मोठी, पायऱ्या दहा, पाणी चोवीस तास. तिच्या डोळ्यांसमोर ती फोटोतली खोली आली आणि तिच्यात काटकोनात दोन खाटा आल्या.

तिनं छाटलेलं झाड वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं.

"लावत नाहीस?" आईनं विचारलं.

"दोन दिवस असंच ठेवायचं. कापलेलं सुकावं लागतं. मग कोरड्या मातीत लावायचं आणि वर आठ दिवस पाणी नाही."

"आठ दिवस! तुरुंगातसुद्धा देतात गं पाणी."

बारा वाजले. आई उठून बाहेरच्या खोलीत गेली, कॅल्शियमची गोळी आणि बाटली घेतली, आणि तेवढ्यात छोटीचा मोबाइल वाजला.

"तुझा फोन! मालक!"

"आण इकडे. माझे हात भरलेत."

छोटी उठायला गेली, पण आई आलीसुद्धा. स्टूलवर बसली आणि नेहमीच्या सवयीनं आवाज मोठा करून मोबाइल पुढे धरला. घरात आलेला प्रत्येक फोन असाच ऐकला जायचा, दोघींनी मिळून.

"हं ताई, नमस्कार. काय ठरलं मग?" मालकांचा आवाज स्वयंपाकघरभर झाला.

छोटीनं तोंड उघडलं. आईनं तिच्याआधी उघडलं.

"नमस्कार! मी आई बोलतेय. आम्ही येतोय हं. दोघी."

"अरे वा! तुम्हीसुद्धा? हे तर सोन्याहून पिवळं झालं. मला वाटलं होतं, तुमच्यासाठी त्या नाही म्हणणार."

"छे हो! मी कशाला आड येऊ तिच्या? फक्त एक काम करा. खाटा दोन होतील का?"

"होतील की, त्यात काय! आजच सांगतो. ताई, दोन लावायला सांगू ना?"

आई मोबाइल पुढे धरून हसत होती. छोटीनं तिच्याकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. नखांत माती होती, बोटांवर पांढरा चुरा वाळला होता.

"ताई? आवाज येतोय ना?"

"येतोय," छोटी म्हणाली. "एकच."

"काय?"

"खाट एकच असू दे. मी एकटी येणार आहे."

पलीकडे मालक खोकले. हे आपण ऐकायला नको होतं, अशा माणसाचा तो खोकला होता. "बरं, बरं. नाही, म्हणजे, तुम्ही दोघी निवांत बोलून घ्या. मी संध्याकाळी परत..."

"बोलून झालंय. एक तारखेला हजर होते मी."

फोन बंद झाला तरी आईचा हात तसाच पुढे राहिला. मग तिनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. गोळी तोंडात टाकली. दोन घोट पाणी प्यायली. बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं आणि वाकून वर्तमानपत्रावर उघड्या पडलेल्या झाडावर झाकण तिरकं केलं. छोटीनं चटकन हात मध्ये घातला. पाणी तिच्या मळक्या तळहातावरून ओघळून कागदावर पसरलं.

"सवय," आई म्हणाली.

"माहितीये."

कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. आईनं झाकण बाटलीला लावलं. ते नीट बसेना. तिनं पुन्हा काढून लावलं.

"माझा कंटाळा आला तुला?"

नाही गं, असं कसं म्हणतेस, कामाची जागा आहे, कायदे असतात, नंतर बोलावून घेईन... कितीतरी उत्तरं छोटीच्या जिभेवर येऊन गेली. पंचवीस वर्षं ती ह्याच उत्तरांवर जगली होती.

"आला, आई."

आईनं मान हलवली. कुणीतरी वेळ सांगितल्यावर हलवावी तशी.

"मलाही येतो तुझा," ती म्हणाली. "चहा ढवळतेस ना तू, सतरा वेळा चमचा फिरवतेस. रोज. मी मोजते."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलून काय करू? तू कुठे जाणार होतीस?" आईनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं, दोघींना निदान भिंत तरी बदलून मिळेल."

छोटीला वाटलं होतं, हे बोलून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. नुसता दिसायला लागला.

सव्वाबाराला मोबाइल पुन्हा वाजला. रविवारचा दादाचा फोन. आईनं आवाज मोठाच ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. छोटीची बढती, दुसरं शहर, एक तारीख, एकटी.

"एकटी?" दादाचा आवाज चढला. "छोटी, ऐकतेस ना? आणि आईचं काय? आईला कोण बघणार?"

छोटी काही बोलायच्या आत आई कडाडली. "मला बघायला मी काय सिनेमा आहे?"

"तसं नाही गं आई, पण ह्या वयात..."

"मग तू ये बघायला. येतोस?"

"आई, तुला माहितीये माझं कामाचं..."

"मग ठेव फोन. पुढच्या रविवारी कर."

दादानं ठेवला. छोटीनं आईकडे पाहिलं, थोडं हसायच्या बेतानं. पण आईच्या तोंडावर हसू नव्हतं आणि छोटीची बाजू घेतल्याची खूणही नव्हती. आई समोरच्या खिडकीतून भिंतीकडे बघत होती.

छोटीनं माती गोळा केली, वर्तमानपत्राच्या कडा दुमडल्या, ड्रिल पुसून पेटीत घातलं, चिमटा पुसला, कात्री पुसली. मग पुसायचं काही राहिलं नाही.

"उठतेस जरा? मला बाहेर यायचंय."

"गुडघा धरलाय," आई म्हणाली. "थांब थोडं."

हे खरं होतं की खोटं, ते इतक्या वर्षांनंतरही छोटीला कळलं नाही. ती भिंतीला टेकून पुन्हा खाली बसली. वर स्टूलवर आई, खाली जमिनीवर ती. मध्ये हातभर अंतर.

"एक तारखेला किती दिवस आहेत?" आईनं विचारलं.

"अठरा."

"अठरा," आई म्हणाली. तिनं एकेक बोट दुमडून मोजलं, एक हात संपला, दुसरा संपला, पुन्हा पहिला घेतला. मग मोजणं सोडून तिनं पहिल्यांदा छोटीकडे सरळ पाहिलं.

"अठरा दिवस आता आपण बोलायचं काय?"